गजराआधीचा कोयता

या, असे पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही या, सतरंजी मोठी आहे. एक गोष्ट सांगायचीय आणि तिच्यासाठी माझी एकच अट आहे: मधेच कुणी उठायचं नाही. कीर्तनात पाहिलंय ना, बुवांनी गोष्ट रंगात आणून सोडली आणि गजर सुरू झाला, की चपला शोधायला निघणारी मंडळी असतात? ‘पुढचं काय, ठाऊकच आहे’ म्हणत घरी कुकर लावायला जातात. खरं तर ही गोष्ट त्यांच्यासाठीच आहे, पण ती ऐकायला ते थांबायचे नाहीत. असो. गोष्ट अजून घडायचीय, चार-दोन वर्षांनी घडेल. पण देवाच्या दारात घडलेलं आणि घडायचं एकाच सतरंजीवर बसतं, तेव्हा घडून गेल्यासारखीच सांगतो.

सांगलीत कालिंदी हर्डीकर नावाची मुलगी होती. मुलगी म्हणायचं ते आपलं वडीलधारेपणानं, वय तिशी ओलांडलेलं. कायदा शिकलेली, गुन्हा, शिक्षा आणि तुरुंग हा तिच्या संशोधनाचा विषय. वडील अच्युतबुवा हर्डीकर, नारदीय कीर्तनकार. पगडी, उपरणं, हातात चिपळ्या, आणि अंगात अशी कला की बुवा गोष्ट सांगत नसत, गोष्टीत राहायला जात. द्रौपदी बोलायला लागली की त्यांचा ओठ थरथरे. सभेतला दुःशासन उठला की पुढच्या रांगेतल्या बायका पदर सावरीत. लहानपणी कालिंदी त्यांच्यामागं झांज घेऊन उभी राहायची. पुढं अभ्यास वाढला, झांज माळ्यावर गेली.

“अण्णा, तुमच्या सगळ्या गोष्टी मला पाठ आहेत,” ती म्हणायची.

“पाठ असणं वेगळं आणि ऐकणं वेगळं हो, कालिंदीबाई,” बुवा म्हणायचे आणि एकटेच कीर्तनाला निघायचे.

तो काळ मोठा संशयाचा होता. लिहिणारी यंत्रं घरोघर झालेली. कधी न छापलेल्या पुस्तकांचे दाखले, कधी न जन्मलेल्या पंडितांची मतं, कधी न झालेल्या खटल्यांचे निकाल लेखालेखांतून फिरत होते. एकानं खोटा दाखला द्यायचा, दुसऱ्यानं तो उचलायचा, तिसऱ्यानं दुसऱ्याचा, आणि चौथ्यानं म्हणायचं, तिघे सांगतात म्हणजे खरंच असणार. न्यायाच्या कामात हे असं चालणार कसं? म्हणून ‘साक्षेप’ नावाची यंत्रणा आली.

साक्षेपाचं काम तराजूचं. एखादं विधान पुढं ठेवलं की तो तीन गोष्टी तोलायचा. सांगणारा घटनेच्या किती जवळ होता? त्याचं सांगणं कुणाच्या हातून आपल्यापर्यंत आलं? आणि ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे आणखी किती जण तेच सांगतात? तोंडी सांगण्याच्या बाबतीत तर त्यानं कमालच केली होती. माणूस स्वतः पाहिलेलं आठवतो तेव्हा त्याचा श्वास एका तऱ्हेनं अडतो, ऐकीव सांगतो तेव्हा दुसऱ्या. आठवणारा मधेच शब्द शोधतो, बारीकसारीक वास, आवाज सांगतो, ‘तो आला’ म्हणता म्हणता ‘तो बघा येतोय’ असा वर्तमानात घसरतो. लाखो साक्षी ऐकून साक्षेप हे शिकला होता. प्रत्यक्ष पाहणारा कोण आणि सांगोवांगी बोलणारा कोण, हे तो नुसत्या आवाजावरून सांगे, आणि फारसा चुकत नसे.

त्याच्या तराजूत नव्वदीच्या वर उतरलेलं संशोधन छापून झालं की विहिरीचं पाणी पाटात उतरावं तसं आपोआप रजा-समितीच्या संगणकात उतरायचं. रजा म्हणजे संचित रजा. वर्तन चांगलं असलं की जन्मठेपेच्या कैद्यालाही वर्षातून काही दिवस घरी जायला मिळतं ना, ती. कुणाला सोडायचं आणि कुणापासून धोका आहे, याचा अंदाज तो संगणक बांधी आणि समिती बहुधा त्यावर मान डोलावी.

कालिंदीचा निबंध याच विषयावर होता. कैद्याला रजा मिळते, पण ज्यानं त्याच्याविरुद्ध साक्ष दिली तो त्याच गावात, त्याच्याच शेजारी राहतो, त्याला कुणी विचारतं का? प्रश्न खरा होता आणि तिची कळकळही खरी. तिच्या मार्गदर्शक इनामदार मॅडम सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या, “दाखला म्हणजे नदी आहे, कालिंदी. पात्र रुंद दिसलं म्हणून भुलू नकोस. उगमापर्यंत चालत जा, आणि तिथलं पाणी स्वतः पिऊन बघ.”

आणि ती चालत गेली हो, उगाच खोटं कशाला बोलू! तीन वर्तमानपत्रांतल्या तीन बातम्या एकाच चुकीच्या तारखेवरून एकाच बातमीच्या नकला आहेत हे तिनं ओळखलं आणि तिन्ही टाकल्या. एका संस्थेचा देखणा अहवाल आला. तुरुंगाच्या भिंतींवर कॅमेरे विकणाऱ्या कंपनीनंच तो करवून घेतल्याचं निघालं, तोही टाकला. पोलिसांचे आकडे घेतले, पण ‘धमकी’ या शब्दाखाली प्रत्येक जिल्हा वेगळं काहीतरी मोजतो, हे निबंधात स्वच्छ लिहिलं. असं सगळं चाळून, पाखडून झाल्यावर तिच्या हाती उरलं फार थोडं. बांधाच्या भांडणातून खून करणारे कैदी रजेवर आले की साक्षीदारावर उलटतात, हे तिचं मुख्य म्हणणं. त्याला प्रत्यक्ष पाहणारा एकही भक्कम माणूस मिळेना.

तेव्हा साक्षेपानं तिच्यापुढं एक नोंद ठेवली. गावोगावच्या चावड्यांवरची, पारांवरची, देवळांतली बोलणी ध्वनिमुद्रित करून जपायची एक योजना होती, तिच्यातली. नावं झाकलेली, आवाज बदललेला, कुणाची ओळख पटू नये म्हणून. खाली गोषवारा: कैदी रजेवर गावी आला. साक्षीदाराच्या दारी गेला. साक्षीदार उंबऱ्यावर बसलेला. कैद्यानं कोयता उगारला. निष्कर्ष: हल्ला. सांगणारा: प्रत्यक्षदर्शी. तेच सांगणारे इतर: तीन. विश्वासार्हता: सत्त्याण्णव.

सत्त्याण्णव! न्यायालयातल्या शपथेवरच्या साक्षींनाही इतकं वजन क्वचित मिळे.

खाली एक लहानशी चौकट होती: ‘मूळ ध्वनिमुद्रण स्वतः ऐकले आहे.’ निबंध पाठवायची मुदत आलेली. सत्त्याण्णवच्या पुढं आणखी काय ऐकायचं, असं कालिंदीच्या मनात आलं. मनात आलं आणि हातून झालं, मधे काही अंतरच नव्हतं. तिनं चौकटीत खूण केली.

पाप असं येतं बघा. शिंगं घेऊन येत नाही, सोय म्हणून येतं.

निबंध छापून आला. वाहवा झाली. साक्षेपानं त्याला चौऱ्याण्णव दिले आणि तो पाटातून वाहत समितीकडे गेला. विद्यापीठात प्राध्यापकाची एक जागा निघाली होती, तिच्या मुलाखतीचं बोलावणं आलं.

एका दुपारी ओसरीवर बापलेक भाजलेल्या शेंगा फोडत बसले होते. बुवा नुकतेच तुरुंगातलं कीर्तन करून आलेले. दर वर्षी जायचे.

“यंदा काही रंगलं नाही बघ,” ते म्हणाले.

“का? पगडी विसरलात?”

“पगडी होती गं, सदा नव्हता. म्हणजे होता, पण तोंड पाडून बसलेला. एरवी झांज त्याच्याकडे. ताल असा धरतो की तबलजी त्याच्या मागून जातो. यंदा झांज मांडीवर ठेवून बसला. रजा नाकारली त्याला.”

“कोण सदा?”

“सदाशिव खराडे, नेरखेडचा. बांधावरून भाऊबंदाशी जुंपली, रागाच्या भरात डोक्यात फावडं घातलं. माणूस गेला, हा आत गेला. दर वर्षी रजा मिळायची. यंदा म्हणे कुठला नवा अभ्यास आलाय. बांधावरून खून करणारे घरी आले की साक्षीदाराच्या जिवावर उठतात, सत्त्याण्णव टक्के खरं आहे म्हणे! मी म्हटलं, अरे, उरलेले तीन टक्के कुठल्या फडताळात ठेवलेत ते तरी दाखवा.”

कालिंदीच्या बोटांतली शेंग तशीच राहिली.

“आणि चेष्टा बघ,” बुवा रंगात आले, “सदाला बोलावतोय कोण? तो साक्षीदारच! म्हादू आप्पा. सदाच्या शेताला लागून शेत त्याचं, खून त्यानंच पाहिला, कोर्टात उभा राहून त्यानंच सांगितलं. तो आता अंथरुणाला खिळलाय. म्हणतो, सदाला एकदा बघू द्या, मग खुशाल न्या मला.”

“साक्षीदार… बोलावतोय?”

“मग! तुला माझ्या सगळ्या गोष्टी पाठ ना? मग रामाचा कोयता ठाऊक नाही? दया-क्षमेवर निरूपण असलं की उत्तररंगात हीच गोष्ट लावतो मी. नाव तेवढं बदलतो, सदाचा रामा करतो.”

“नवीन आहे?”

“सात-आठ वर्षांची नवीन आहे,” बुवा म्हणाले, आणि टरफलं झटकून उभेच राहिले. पाठ ताठ झाली, मान किंचित वाकडी झाली, आणि ओसरीवर नेरखेड आलं.

“रामा रजेवर आलाय. मनात एकच, ज्यानं मला आत घातलं त्याला सोडायचा नाही. कोयता घेतो. उन्हाची वेळ. वाटेवर चिटपाखरू नाही. पायाखाली फुफाटा… चटके बसतायत, पण त्याला कळत नाहीत. म्हातारा उंबऱ्यावर बसलाय. डोळ्यांनी अधू. शेणाचा वास येतोय गोठ्यातून. रामा समोर येतो. सावली पडते म्हाताऱ्याच्या तोंडावर. म्हातारा मान वर करतो. आणि रामानं… रामानं कोयता उगारला—”

बुवांचा हात वर होता. दुसरा हात सवयीनं चिपळ्या शोधत हवेत गेला, आणि त्या नाहीत म्हणून त्यांनी चुटकी वाजवली.

“इथं थांबतो मी,” ते साध्या आवाजात म्हणाले. “गजर! सगळं देऊळ श्वास धरून असतं बघ. त्या श्वासावर नाम घ्यायला लावायचं. अस्सं चढतं ते!”

कालिंदीनं विचारलं, “आणि मग?”

बुवांचा चेहरा उजळला. कैक वर्षांत लेकीनं ‘आणि मग?’ विचारलं नव्हतं.

“मग म्हातारा डोळे किलकिले करून कोयत्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘आलायस व्हय? धार गेलीय की रं त्याची. आण हिकडं.’ रामाच्या हातातनं कोयता काढून घेतो. शेजारी कानस असते, मांडीवर कोयता धरतो आणि सावकाश घासायला लागतो. खर्र… खर्र… पातं चमकायला लागतं. मग मूठ रामाकडे करतो, पातं स्वतःकडे. म्हणतो, ‘हं. सकाळधरनं गुरास्नी वैरण न्हाई. बांधावरचं कडवळ तेवढं कापून आण. मग माझं बघ काय करायचं ते.’” बुवा खाली बसले. “ज्या बांधावर खून झाला, त्याच बांधावरचं कडवळ. सदानं कापलं, रडत रडत कापलं. तेव्हापासून रजेवर आला की पहिलं काम ते. मला दोघांनीही सांगितलंय. हा भाग मी साकीच्या चालीवर गातो. लोक रडतात गं.”

कालिंदी उठून आत गेली. बुवांना वाटलं, लेकीला भरून आलं.

आत जाऊन तिनं ती नोंद उघडली आणि जे आधी करायचं ते आता केलं. ऐकलं. आवाज कुणा परक्याचा होता, यंत्रानं बदललेला. पण यंत्राला आवाज बदलता येतो, श्वास कुठून बदलणार? ‘पायाखाली फुफाटा…’ नंतरचा तो श्वासाचा घुटका ती जन्मापासून ऐकत आली होती. कोयता उगारला गेला आणि मागोमाग एक बारीक ठोका, चिपळीचा, निम्मा तोडलेला. मग शांतता. खाली अक्षरं: ‘पुढील भाग संगीत. वगळला.’

सगळा उलगडा तिथं झाला. यंत्राची कात्री बोलणं एका फडताळात टाकी आणि गाणं दुसऱ्या. गजर सुरू झाला तिथं कात्री चालली. उगारलेला कोयता बोलण्याच्या फडताळात गेला, धार लावणारा म्हातारा गाण्याच्या. बुवा त्या दारात कधी उभे नव्हते. पण गोष्टीत राहायला जायची त्यांची कला साक्षेपाला कशी ठाऊक असणार? श्वास अडला, वर्तमानकाळ आला, शेणाचा वास आला, म्हणजे हा प्रत्यक्षदर्शी. आणि ते दुजोरा देणारे तिघे? त्यांच्याही नोंदी तिनं ऐकल्या, तिघेही त्याच देवळात त्याच सतरंजीवर बसलेले. त्यातला एक तर गजर सुरू होताच एसटी पकडायला उठला होता.

तिनं गाण्याच्या फडताळातून दुसरा तुकडा शोधून काढला आणि पहिल्याला जोडून साक्षेपापुढं ठेवला. उत्तर आलं: ‘धार्मिक गायन. पुरावा म्हणून मूल्य नाही.’ पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. उगारलेल्या हाताचे सत्त्याण्णव, खाली आलेल्या हाताचं शून्य.

म्हणजे गोष्ट पुरी करायची वाट बंद होती. एकच वाट उघडी होती, निबंध मागं घ्यायचा.

इनामदार मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. बाई वाईट नव्हत्या. आपल्या विद्यार्थिनीचं नुकसान त्यांना दिसत होतं.

“मागं घेतलास तर कारण लिहावं लागेल,” त्या म्हणाल्या. “काय लिहिशील?”

“न ऐकता ऐकलं म्हणून खूण केली.”

“ते लिहिलंस की साक्षेप तुलाच तोलायला बसेल. तुझं आजवरचं आणि यापुढचं सगळं लिखाण हलकं होईल. पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे, कालिंदी. आत्ता एक बारीकसं शुद्धिपत्र दे. नोंद अपूर्ण असण्याची शक्यता आहे, एवढंच. जागा मिळू दे, मग सावकाश काय ते बघू.”

“आणि तो माणूस?”

“समिती फक्त तुझ्या निबंधावर थोडीच चालते?” मॅडम म्हणाल्या. पण हे म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

कालिंदीनं शुद्धिपत्र दिलं. चौऱ्याण्णवाचे ब्याण्णव झाले. नव्वदीच्या वरच राहिले, आणि ते तसेच राहणार हे पाठवण्याआधीच तिला कळलं होतं. मन किती हुशार असतं पाहा. रात्रंदिवस ते तिला सांगत राहिलं, तू काहीतरी केलंस ना, मग झालं तर. देवापुढं दिवा लावताना मात्र तिची नजर ज्योतीवर ठरेना. समई घासून लख्ख करायची आणि पाठमोरी व्हायची.

मुलाखत छान झाली. कुणीतरी विचारलं, “तुमच्या मते उत्तम संशोधकाचा गुण कोणता?” ती म्हणाली, “उगमापर्यंत जाणं.” सगळ्यांनी माना हलवल्या. तिला पायाखालच्या फरशीत शिरावंसं वाटलं. निवड झाली. बुवांनी गल्लीत पेढे वाटले, प्रत्येक दारात सांगत, “माझी लेक खऱ्याखोट्याचा निवाडा करते हो!” ते शब्द तिला आतल्या खोलीत ऐकू येत होते.

पेढ्यांचा रिकामा खोका घेऊन बुवा परत आले तेव्हा म्हणाले, “नेरखेडहून निरोप होता. आप्पानं अन्न सोडलंय. कुणाचीही चाहूल लागली की विचारतो, सदा आला का?”

कालिंदीनं त्यांच्या हातातला खोका घेतला, खाली ठेवला, आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

“अण्णा, तो अभ्यास माझा आहे.”

“कुठला?”

“सत्त्याण्णव टक्क्यांचा. त्यातला प्रत्यक्षदर्शी तुम्ही आहात. गजरापाशी यंत्रानं तुम्हाला कापलं. आणि मी ऐकलं नाही. ऐकलं म्हणून लिहिलं.”

बुवांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा हात आपोआप वर गेला, कोयत्यासारखा, आणि तिथंच अडकला. मग खाली येऊन त्यांच्याच कपाळावर विसावला.

“मी तिथं थांबतो ना,” ते पुटपुटले. “लोकांचा श्वास अडकावा म्हणून थांबतो. मला ते आवडतं गं. तो क्षण फार आवडतो मला.”

“तुमचं काही नाही, अण्णा. तुम्ही पुढं सांगत होता. उठून गेले ते आम्ही.”

“कधीपासून ठाऊक आहे तुला?”

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. “शेंगा फोडत होतो त्या दुपारपासून.”

बुवा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेढ्यांचा खोका उचलला, घडी घातली, उगाच पुन्हा उलगडली.

“तेव्हा सांगितलं असतंस तर म्हातारा जेवत होता,” एवढंच म्हणाले.

त्याच बैठकीत तिनं निबंध मागं घेतला. कारणाच्या जागी लिहिलं: ‘मूळ न ऐकता ऐकल्याची खूण केली. नोंद निम्मी आहे. उरलेल्या निम्म्यात माणूस वाचतो.’ साक्षेपानं तिला तोललं. तिच्या नावापुढचा आकडा असा घसरला की तिनं उद्या पाणी ओलं असतं असं लिहिलं तरी कुणी दाखला घेतला नसता. विद्यापीठानं निवड रद्द केल्याचं कळवलं. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. तिचा जीव समितीकडे लागला होता. संगणकानं नव्यानं अंदाज बांधला, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर गेली, सही झाली, सदाची रजा मंजूर झाली.

सदाला न्यायला बुवा गेले, बरोबर कालिंदीही गेली. तुरुंगाच्या दारातून एक वाळकासा, केस पांढरे झालेला माणूस पिशवी घेऊन बाहेर आला आणि बुवांच्या पाया पडला.

“सदा,” बुवांनी त्याला उठवलं. त्यांचा गोष्टी सांगणारा आवाज त्या दिवशी कुठं गेला होता कोण जाणे. “आप्पा परवा गेला रे.”

सदानं मान हलवली. दोनदा हलवली. मग म्हणाला, “गुरं कुणाकडं हायती?”

तिघं नेरखेडला पोचली. आप्पाच्या दारात चार माणसं बसली होती. सून बाहेर आली, सदाला बघून पदर तोंडाशी नेला. “लई वाट बघितली भाऊजी तुमची,” म्हणाली. “बसता येत नव्हतं तरी हट्ट केला. पाठीला गोधडी लावून बसवलं बगा, तवा गप झाले.” तिनं चौकटीकडे बोट दाखवलं.

चौकटीच्या खुंटीला कोयता अडकवलेला होता.

सदानं तो काढला. अंगठा पात्यावरून फिरवला, अलगद. पातं लख्ख होतं, नुकतं घासलेलं; एका जागी तेवढी धार सुटली होती, थरथरत्या हाताची. उंबऱ्याजवळ कानस पडलेली, तिच्याखाली लोखंडाचा बारीक कीस अजून तसाच होता.

कालिंदी पुढं झाली. वाटभर तिनं वाक्यं जुळवली होती, आता एकही आठवेना.

“सदाभाऊ, तुमची रजा माझ्यामुळं अडली. तो अभ्यास मी लिहिला होता. तुम्ही आप्पांवर कोयता उगारलात, असं.”

सदानं तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता. असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं.

“उगारला व्हताच की, ताई. खोटं न्हाई लिवलं तुमी.” तो कोयत्याकडे बघत म्हणाला. “निम्मं लिवलं.”

“कळल्यावरही गप्प बसले. मुलाखत होती माझी.”

“व्हय,” सदा म्हणाला. नुसतं व्हय. माफ केलं म्हणाला नाही, नाही केलं असंही म्हणाला नाही. गोठ्यात गुरं हंबरली, तशी त्यानं पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि बांधाकडे चालू लागला.

थोडं जाऊन तो थांबला, मागं वळला.

“भारा बांधाय कुणीतरी लागंल,” म्हणाला.

कालिंदीनं चपला तिथंच काढल्या आणि त्याच्यामागं गेली. फुफाट्याचे चटके बसत होते. आयुष्यभर ऐकलेला तो फुफाटा तिला पहिल्यांदा लागला.

पुढं साक्षेपाच्या कात्रीत सुधारणा झाली म्हणतात, झाली असेल. कालिंदी आता एका लहान कॉलेजात शिकवते, आणि पहिल्या तासाला पोरांना काही न सांगता निम्मी गोष्ट ऐकवून मधेच थांबते. जे ‘आणि मग?’ विचारतात, त्यांच्याकडे बघून हसते, आणि मग फळ्याकडे वळून उगाच डस्टर शोधत राहते. सुट्टीच्या दिवशी बुवांच्या मागं झांज घेऊन उभी असते. बुवा अजून रामाची गोष्ट लावतात, पण कोयता उगारलेला ठेवून थांबत नाहीत. आधी कडवळ कापून होतं, गुरांपुढं पडतं, मगच चिपळी वाजते.

तर मंडळी, माझं मागणं थोडं आहे. पुढच्या वेळी कीर्तनाला बसाल आणि गोष्ट मधेच सोडून गजर सुरू होईल, तेव्हा चपलांकडे हात नेऊ नका. टाळ्या वाजवाच, पण त्यातली एक टाळी वाजवताना म्हादू आप्पाची आठवण काढा. तो वाट बघत होता, आणि वाट बघता बघता दुसऱ्यासाठी धार लावून गेला.

म्हादू आप्पा, नेरखेडचा. विसरू नका.